नाकाला नावे ठेवू नका!

फोटो हातात आल्यावर गप्प बसणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यावयाचा आहे. कवितेचे पुस्तक पुढे केले तर आपली माणसे सावध होतात. “आम्हाला त्यातलं काही कळत नाही बुवा,” म्हणून मोकळी होतात. नव्या चित्रकाराच्या प्रदर्शनात हात पाठीशी बांधून, मान तिरकी करून अर्धा तास मुकाट्याने हिंडतील. पण कोणाच्याही लग्नाचा आल्बम उघडा! “मामी किती सुटल्या हो!” “हा डोळे मिटलेला कोण?” “नवऱ्या मुलाचं नाक थेट बापाचं.” “मुलगी प्रत्यक्षात एवढी काळी नाही, बरं का!” पाच मिनिटांत आल्बम मिटतो. तेवढ्यात शंभर माणसांची नाके, रंग, पोटे आणि टकले तपासून झालेली असतात. फोटोविषयी मात्र कोणी चकार शब्द काढलेला नसतो.

आल्बमची जागा आता फोनने घेतली आणि बोलण्याची जागा अंगठ्याने. चुलतभावाने हिमालयात जाऊन मेंढपाळाचा फोटो काढून पाठवला, की सबंध घराणे अर्ध्या मिनिटात “मस्त!” म्हणून मोकळे. पूर्वीचा फटकळपणा गेला आणि हा गुळचटपणा आला, इतकेच. ज्याने फोटो काढला त्याच्या पदरात तेव्हाही काही पडत नव्हते, आजही पडत नाही.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे वाचक विचारतील. मी मराठीचा प्राध्यापक. परंतु आठ वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात छायाचित्र मंडळ निघाले आणि प्राचार्यांनी ते माझ्या गळ्यात बांधले. “तुम्ही कशावरही अर्धा तास बोलू शकता,” हे त्यांनी दिलेले कारण. हा गौरव होता की टोमणा, हे मी अजून ठरवलेले नाही. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी पंधरा-वीस मुले-मुली एका वर्गात जमतात. माणसांचे फोटो (आमच्या मंडळात झाडेपाने आणि सूर्यास्त यांना बंदी नाही, पण उत्तेजनही नाही) पोस्टकार्डाएवढे छापून दोरीला चिमट्यांनी टांगलेले असतात. त्यावर नाव नसते, फक्त क्रमांक. होमाई व्यारावाला या पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत, कारण तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हते आणि शिवाय त्या बाई होत्या. त्याच होमाईंना २०११ साली पद्मविभूषण मिळाले. नाव वाचून मत बनवण्याची सवय केवढी जुनी आहे, हे मुलांना सांगताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

माझ्या धंद्यातला एक शब्द येथे आणल्याशिवाय राहवत नाही. ‘टीका’ हा शब्द आज आपण कोणाची खरडपट्टी काढायची असली की वापरतो. मूळ अर्थ अगदी वेगळा. टीका म्हणजे ग्रंथ उलगडून सांगणे. १२९० साली ज्ञानेश्वरांनी पुरी केलेली ‘भावार्थदीपिका’ ही गीतेवरची टीकाच आहे. त्या अर्थाने मराठीतला एक थोर टीकाकार नेवाशाच्या खांबाशी बसला होता. मल्लिनाथाने कालिदासावर लिहिलेल्या टीकेचे नाव तर ‘संजीवनी’. जिवंत करणारी! आता लग्नातल्या मामींना “किती सुटल्या हो” म्हणणाऱ्या टीकेने कोण जिवंत होणार, ते सांगा.

तर फोटो उलगडावयाचा. पण कोठून सुरुवात करावी? आमच्या मंडळात पहिला प्रश्न ठरलेला असतो: “यात तुला काय दाखवायचं होतं?” हा प्रश्न भिडस्तपणाचा नाही. तो वगळला की चांगले जाणकारसुद्धा कसे घसरतात, याचे उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ही कलकत्त्यात जन्मलेली इंग्रज बाई. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला आणि ही बाई झपाटल्यासारखी माणसांचे चेहरे टिपू लागली. कवी टेनिसन, शास्त्रज्ञ हर्शेल यांची तिने काढलेली चित्रे आज जगभर वाखाणली जातात. पण त्या काळच्या छायाचित्रविषयक नियतकालिकांनी तिला झोडपले: चेहरा अस्पष्ट आहे, काचेवर डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, बाईला तंत्र येत नाही. अस्पष्टपणा तिने मुद्दाम ठेवला होता. कातडीवरच्या छिद्रांपेक्षा चेहऱ्यामागचे काहीतरी तिला हवे होते, हे विचारण्याचे त्यांना सुचले नाही.

मात्र येथे एक पुस्ती जोडतो. डाग ते डागच. कॅमेरनबाई थोर होत्या म्हणून काचेवरचा प्रत्येक ठसा काही कलात्मक ठरत नाही. आमच्या मंडळात गेल्या वर्षी एक चलाख मुलगा होता. कोणी दोष दाखवला की “ते मी मुद्दाम केलं, सर” हे उत्तर तयार! त्याला मी एवढेच विचारी की, मुद्दाम केलेस ना, मग ते पाहणाऱ्याला कशावरून कळावे?

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या मंडळातल्या एका मुलीने आपल्या वडिलांचा फोटो ठेवला होता. वडिलांचे गावाच्या कडेला दोन खुर्च्यांचे सलून आहे. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ते स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आहेत, खांद्यावर टॉवेल आहे आणि नजर खाली आपल्या हातांकडे आहे, असा तो फोटो. नाव दिले होते ‘शेवटचे गिऱ्हाईक’. फोन साधा, मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

बाहेरून आलेले परीक्षक एकेका फोटोपुढे उभे राहून बोलत होते. हा फोटो आला तेव्हा ते म्हणाले, “बाकीचं नंतर बोलू. मुळात हा चेहराच फोटोचा नाही. सुरकुत्या, एक डोळा बारीक... चेहरा निवडायला शिका आधी!” सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मुलीचे वडील बसले होते. सर्वांत आधी तेच हसले. मुलगी फरशीकडे पाहत होती.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी ते माझ्याजवळ आले. म्हणाले, “सर, चेहऱ्याचं जाऊ द्या. तो काय आता बदलायचा नाही. पण पोरीचं नेमकं काय चुकलं, ते त्यांनी सांगितलंच नाही.”

मी अवाक झालो. मग ते हळूच म्हणाले, “आमच्या धंद्यात असं बोललं तर दुपारी दुकान बंद करावं लागेल. कपाळ मोठं असलं गिऱ्हाइकाचं, तर ‘तुमचं कपाळ मोठं आहे’ म्हणायचं नसतं. ‘पुढून थोडे राखू या का?’ असं विचारायचं.”

मराठी साहित्यसमीक्षेवरची पुष्कळ जाड पुस्तके मी वाचली आहेत, काही शिकवलीही आहेत. इतक्या थोडक्या शब्दांत ही गोष्ट मला त्यांत आढळलेली नाही. दोष दिसला पाहिजेच. न दिसला तर तो कसला कारागीर? पण तो सांगावयाचा कात्रीच्या भाषेत: कोठे, किती आणि पुढे काय करावयाचे.

पुढच्या शनिवारी मुलीच्या संमतीने तोच फोटो आम्ही पुन्हा दोरीला टांगला. वडिलांनाही बोलावले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी नव्हती; तासाभरासाठी खुर्ची पुतण्याच्या हवाली करून ते आले. त्या तासात जे निघाले ते सविस्तर सांगतो, कारण घरोघरच्या फोटोंत हीच दुखणी असतात.

प्रथम तो ‘बारीक डोळा’. दुकानात उजेड एकच, छताच्या ट्यूबलाइटचा, आणि खुर्ची बरोबर तिच्याखाली. डोक्यावरून उजेड पडला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते. मान जरा कललेली असल्यामुळे एका डोळ्यात ती जास्त उतरली. खुर्ची दाराकडे दोन हात सरकवली, संध्याकाळचा बाहेरचा उजेड बाजूने येऊ दिला, की तोच डोळा उघडतो. माणूस मान वर करील तेव्हा बुबुळात उजेडाचा एक बारीक ठिपकाही चमकतो. हा ठिपका फार मोलाचा असतो. तो नसला की जिवंत माणसाची नजर विझल्यासारखी दिसते.

मग नाक. एका मुलाने धीर करून सांगितले, “काकांचं नाक फोटोत मोठं दिसतंय.” काकांनी मान डोलावली. पण कारण? फोनचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचे असते, म्हणून चेहरा चौकटीत भरण्यासाठी आपण पुढे पुढे सरकतो. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात समजा साडेचार इंचांचे अंतर आहे. दीड फुटावरून फोटो काढला तर कॅमेऱ्यापासून नाकापर्यंतच्या अंतराचा तो चौथा हिस्सा झाला. म्हणून नाक पुढे येते आणि कान मागे पळतात. सहा फुटांवर गेलात तर तेच साडेचार इंच सोळावा हिस्सा होतात आणि नाक आपल्या जागी जाऊन बसते. तेव्हा जन्मदात्यांनी दिलेल्या नाकाला नावे ठेवण्यापूर्वी फोटो काढणाऱ्याला चार पावले मागे जायला सांगावे. फोनमध्ये दुपटीने जवळ आणणारी सोय असेल तर ती खुशाल वापरावी.

तिसरी गोष्ट खुद्द त्या मुलीच्याच लक्षात आली, आणि चुकले होते ते खरे येथे. वडील आपल्या हातांकडे पाहत आहेत. पण चौकटीची खालची कड मनगटावरून गेली आहे. ज्या हातांसाठी तो फोटो काढला, ते हातच त्यात नाहीत! परीक्षकांना सुरकुत्या दिसल्या, पण हे दिसले नाही. शिवाय उजव्या कोपऱ्यात कंगवे ठेवण्याचा एक लालभडक प्लास्टिकचा डबा होता. पाहणाऱ्याची नजर आधी तेथे जाई, मग वडिलांकडे. हा डबा उचलून ठेवायला दोन क्षण लागले असते.

आणि जमलेले काय होते? हेही सांगावेच लागते. ते सांत्वनासाठी नसते. पुढच्या वेळी कोणत्या गोष्टीला हात लावावयाचा नाही, हे कळण्यासाठी असते. त्या फोटोतले खांदे! दिवसभर उभे राहून काम केलेल्या माणसाने खुर्चीत अंग टाकले, की खांदे जसे उतरतात तसे ते उतरले होते. असे खांदे ‘पोज’ देऊन येत नाहीत. “फोटो मस्त आहे” या वाक्यात हे खांदे कोठे येतात?

रंगाविषयीही बोललेच पाहिजे, कारण आपल्याकडे फोटोवरची निम्मी टीका रंगावर होते. “काळा आला” हे वाक्य तर पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक हा एक भाबडा प्राणी आहे. समोरचे सारे जग मध्यम करडे आहे, असा त्याचा समज. मागे चुन्याची पांढरी भिंत असली की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो उजेड कमी घेतो आणि भिंतीपुढचा सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. आजचे फोन चेहरा ओळखून सावरून घेतात, तरी पुष्कळदा फसतात. म्हणजे काळा आला तो चेहरा नव्हे, हिशेब चुकला. रंगीत फिल्मच्या जमान्यात तर कोडॅक कंपनी रंग जुळवून घेण्यासाठी छपाईवाल्यांना एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. ती शर्ली नीट उमटली की यंत्र ठीक. आपल्या आयामावशांचे रंग त्या मापात कसे बसणार? उलट आजही गल्लीतला स्टुडिओवाला पासपोर्टच्या फोटोत, न सांगता, फुकट, आपल्याला दोन छटा गोरे करून देतो. तीही एक टीकाच. फक्त तो ती संगणकाच्या उंदराने करतो.

येथवर चेहऱ्याचे झाले. सबंध देहाच्या चित्रणाविषयी बोलताना तर जीभ दुप्पट जपावी लागते. “हात कुठे ठेवू?” हा उभ्या माणसाचा सनातन प्रश्न. मुले मला इंग्रजी पुस्तकांतल्या आकृत्या दाखवतात. मी त्यांना पंढरपूर दाखवतो. विठोबाचे हात कटीवर आहेत, म्हणून कोपर आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. नुसती काळी बाह्याकृती काढली तरी ती कोणाची, हे तान्हे पोरही सांगेल. हात अंगाला चिकटवून सावधान उभा केलेला माणूस फोटोत ओंडक्यासारखा दिसतो, तो यामुळेच. उलट मुरलीधर पाहा: भार एका पायावर, दुसरा पाय नुसता टेकलेला, मग कंबर कलते, खांदे उलट्या बाजूला कलतात आणि देहाला लय येते. एवढे सांगितले की “उभा कसा आहे बघ, खांबासारखा!” असे म्हणण्याची गरज उरत नाही. आणि चौकटीची कड गुडघा, मनगट, घोटा अशा सांध्यांवर आणू नये. मांडीच्या मध्यावर आणलेली चालते. सांध्यावर कापले की अवयव तुटल्यासारखा वाटतो.

जे. जे.सारख्या कलाशाळांत विवस्त्र मॉडेल समोर बसवून चित्र काढण्याचा अभ्यास पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रवी जाधव यांच्या २०१८ सालच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने अशा एका बाईचे जिणे घरोघरी नेले. हा अभ्यास कोणाला रुचो न रुचो, त्यातली एक शिस्त आपण सर्वांनी उचलण्यासारखी आहे. बोलावयाचे ते रेषेविषयी, उजेडाविषयी, बैठकीविषयी; बसलेल्या बाईविषयी नव्हे. “पोट सुटलंय” हे वाक्य तेथे निरर्थक आहे. “बाजूने पडलेल्या उजेडाने ही घडी ठळक झाली आहे, ती तुला हवी आहे का?” हे वाक्य अर्थपूर्ण आहे. त्याचे उत्तर “हो, हवी आहे” असेही असू शकते, आणि तेव्हा आपण गप्प बसावे.

माणसाच्या फोटोवर बोलताना दोघेच बोलत असतात, पण गुंतलेले तिघे असतात. तो तिसरा बहुधा खोलीत नसतो. अमेरिकेत १९३६ साली महामंदीच्या दिवसांत डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो घेतला: दोन मुले तोंडे फिरवून तिच्या खांद्यांना बिलगलेली, तान्हे मांडीवर, हात गालाशी. शतकातले एक अतिशय गाजलेले छायाचित्र. त्याच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँगबाईंना तो इतका खुपला, की पुढे १९३९ साली त्यांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. आणि त्यांच्या वरिष्ठांना हे पुसणे पसंत पडले नाही. अंगठ्यावर तज्ज्ञांचे असे मतभेद झाले. त्या आईचे नाव मात्र जगाला १९७८ साली कळले: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिची तक्रार निराळीच होती. आपले नाव कोणी विचारले नाही, आपल्याला एक पैसा मिळाला नाही, हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते. पुढे १९८३ साली ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्याच फोटोमुळे अनोळखी लोकांची पत्रे आणि मदत आली, हेही खरे. पण बेचाळीस वर्षे लोक त्या चित्रावर बोलत होते, आणि तिला मात्र कोणीच विचारले नव्हते.

म्हणून आमच्या मंडळाचा एक नियम आहे. ज्याचा फोटो आहे त्याने पाहिल्याशिवाय आणि “लावा” म्हटल्याशिवाय तो दोरीवर चढत नाही. यामुळे आमचे काही उत्तम फोटो कपाटात पडून आहेत. भाजीवाल्या आजींचा एक तर असा आहे की काय सांगू! पण आजी म्हणाल्या, “लुगडं फाटकं आहे त्यात, नको.” झाले! त्यावर ना माझे व्याख्यान चालले, ना मुलांचा लाडीगोडीचा प्रयोग.

सलूनवाल्या काकांचा फोटो त्या मुलीने पुन्हा काढला. एकदा नव्हे, दिवेलागणीच्या वेळी आठवडाभर ती दुकानात जात होती. खुर्ची दाराकडे वळवली, सहा फुटांवर उभी राहिली, लाल डबा हलवला. तिसऱ्या दिवशीपर्यंत वडील अवघडून बसत, मग कॅमेरा विसरले. जो फोटो तिने निवडला त्यात हात पुरते आहेत, बोटांच्या पेरांवर कात्रीचे घट्टे दिसतात, आणि सुरकुत्या पहिल्यापेक्षा जास्तच आल्या आहेत, कारण बाजूच्या उजेडात त्या खुलतात. डाव्या बाजूच्या आरशात मात्र फोन धरलेल्या मुलीचे कोपर उमटले आहे. यावरून दोन शनिवार आमच्यात जुंपली. तिचे म्हणणे, आरसा कापावा. माझे म्हणणे, बापाकडे पाहणारी लेक त्यात आपोआप आली आहे, ती राहू द्यावी. वडिलांना विचारले तर म्हणाले, “आरसा नसला तर सलून कसलं?” मुलगी आपल्या मतावर ठाम राहिली; फोटो तिचा होता.

प्रदर्शनात तिने आरसा कापलेली प्रत लावली. दुकानात दर्शनी भिंतीवर जी प्रत आहे, तीत आरसा आहे आणि कोपरही आहे.